पालथे दिवस

माझ्या उजव्या डोळ्याचा पडदा सुटला तेव्हा मी कुणाच्या तरी रक्तातल्या पांढऱ्या पेशी मोजत होते.

क्रांती चौकाजवळच्या एका खासगी लॅबमध्ये मी बावीस वर्षं मायक्रोस्कोपवर काम केलं. सकाळी नऊला स्टुलावर बसायचं, काचपट्ट्या एकामागून एक लावायच्या आणि त्या जांभळ्या रंगात भिजलेल्या गोल गोल ठिपक्यांमधून बघत जायचं. माणूस बाहेर बाकावर बसलेला असायचा, माझ्याकडं त्याचा फक्त एक थेंब यायचा. माझा डावा डोळा लहानपणापासून आळशी. त्याला माणूस दिसतो, पण हातभराच्या पलीकडं गेला की माणसाचं नाक-तोंड दिसत नाही. म्हणजे काम, वाचन, भाजी निवडणं, सगळं एकट्या उजव्या डोळ्याच्या भरवशावर.

त्या दिवशी दुपारी खालच्या कोपऱ्यातून काळं काहीतरी वर सरकलं. वाटलं, पट्टीवर रंगाचा डाग राहिला. पट्टी बदलली. डाग तिथंच. मग डोळा उचलून भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघितलं, तर महिन्याचे शेवटचे दोन आठवडे नव्हतेच.

खरं सांगायचं तर मला बारा दिवस आधीच कळलं होतं. खोलीत अंधार झाला की डोळ्याच्या कडेला बारीक वीज चमकायची. समोर काळ्या माश्या तरंगायच्या. मी कुणाला बोलले नाही. लॅबमध्ये उशिरा येणाऱ्या पेशंटांबद्दल आम्ही आपसात म्हणायचो, "इतके दिवस काय करत होते हे लोक?" ते काय करत होते ते मला त्या बारा दिवसांत कळलं. ते घाबरलेले असतात. सांगितलं की खरं होईल, असं वाटत असतं.

म्हणून आधी हेच लिहून टाकते. डोळ्यात विजा चमकल्या, काळे ठिपके एकदम वाढले, तर त्याच दिवशी घरात सांगा आणि डोळ्याच्या डॉक्टरकडं जा. पुढचं वाचलं नाही तरी चालेल.

*

आमचे मिस्टर, विलास, चिकलठाण्याच्या एका कंपनीत फिटर आहेत. फोन गेला तसे शिफ्ट सोडून आले. आम्हाला मूलबाळ नाही, त्यामुळं जे काही होतं ते आम्हा दोघांतच होतं.

डोळ्याच्या दवाखान्यातली डॉक्टर वयानं लहान होती, पण घाई करणारी नव्हती. थेंब घालून, दिवे मारून, बराच वेळ तिनं आत बघितलं. मग स्टूल मागं घेतलं.

"पडदा सुटलाय, ताई. मधला भाग अजून चिकटलेला आहे. उद्या सकाळीच ऑपरेशन करू."

"मला दिसेल ना?"

"डोळा वाचवायचा पूर्ण प्रयत्न करू. नजर किती येईल, ते आज सांगितलं तर ते खोटं होईल."

मला ती तिथंच आवडली.

मग तिनं समजावलं. ऑपरेशननंतर डोळ्यात गॅसचा फुगा सोडणार. तो पडद्याला आतून दाबून धरणार. पण फुगा नेहमी वर चढतो आणि पडदा असतो डोळ्याच्या मागच्या भिंतीला. तेव्हा फुग्यानं तिथं टेकावं म्हणून मी दहा दिवस पालथं राहायचं. तोंड जमिनीकडं. झोपताना, बसताना, चालतानासुद्धा. जेवायला आणि अंघोळीला तेवढी थोडी सूट.

"दहा दिवस?" विलास म्हणाले.

"हो. अर्धं ऑपरेशन मी करणार, अर्धं यांनी करायचं." मग तिनं कागद ओढला. "विजा कधीपासून चमकत होत्या?"

"बारा दिवस," मी म्हणाले.

विलास माझ्याकडं बघत होते. थेंबांनी डोळ्याच्या बाहुल्या मोठ्या झालेल्या, त्यामुळं त्यांचा चेहरा मला पाण्यात सोडलेल्या रंगासारखा दिसत होता, पण ते बघत होते एवढं कळत होतं.

स्कूटरवर मागं बसून घरी निघाले. क्रांती चौकात सिग्नल लागला होता. तेवढं विचित्र आणि तेवढं सुंदर शहर मी पुन्हा कधी बघितलं नाही. ऊन दुधासारखं सगळ्यावर सांडलेलं, रिक्षांच्या काचा फुलासारख्या उमलत होत्या, माणसांना कडाच नव्हत्या, एकातून दुसरा निघत होता. आणि खालून तो काळा पडदा, जरासा हलणारा. मला वाटलं, हे सगळं शेवटचं असेल तर नीट बघून घ्यावं. पण नीट बघायचं साधनच हातात राहिलं नव्हतं.

मुकुंदवाडीला घर येईपर्यंत विलास एक शब्द बोलले नाहीत. गाडी दारात लावली, चावी काढली आणि म्हणाले, "बारा दिवस, सुशे?"

बस, एवढंच.

*

मी मूळची पिशोरची. गावात आमची ख्रिस्ती घरं थोडी. प्रार्थना मला बोलायला शिकल्याबरोबरच आली. शहरात आल्यावर आमच्या चर्चच्या महिला मंडळाची प्रार्थना मीच घ्यायची. कुणाच्या घरी दुखणं असलं, परीक्षा असली, नोकरी गेली असली की मला बोलावणं यायचं, आणि मी डोळे मिटले की शब्द आपोआप रांगेनं यायचे.

ऑपरेशनच्या सकाळी मी डोळे मिटले. "हे प्रभू" म्हणाले. पुढं काही नाही. पुन्हा म्हणाले. शब्द पाठ होते, सगळे आठवत होते, पण म्हणताना ते दुसऱ्या कुणाचे तरी वाटत होते. विलास चर्चला नाताळ आणि ईस्टर सोडून येत नाहीत, तेही माझ्या धाकानं. त्यांनी विचारलं, "झाली का प्रार्थना?" मी "हो" म्हणाले. बारा दिवस लपवलं ते पहिलं, हे दुसरं खोटं.

ऑपरेशनला पूर्ण भूल देत नाहीत. डोळ्याजवळ इंजेक्शन दिलं, चेहऱ्यावर चादर टाकली. दुखलं नाही. पण दिसत होतं, आतून! आधी धुक्यातल्या पहाटेसारखा उजेड. मग त्या उजेडात एक बारीक काळी काडी आली आणि माशासारखी फिरायला लागली. काचेचे मणी घरंगळावेत तसे थेंब वर जात होते. मधूनच काळ्या चिंध्या तरंगत यायच्या आणि काडी त्यांना गिळून टाकायची. भीतीनं ओरडावं असं ते दृश्य, आणि तरी डोळा हटवावा वाटेना, आणि हटवणार तरी कुठं?

चादरीखाली माझी बोटं हलायला लागली. बावीस वर्षांची सवय. मोजायच्या यंत्रावर एक बोट एका जातीच्या पेशीचं, दुसरं दुसरीचं.

"ताई, हात हलतोय," डॉक्टर म्हणाली.

"पेशी मोजतेय."

ती चादरीपलीकडं हसली असावी. "मोजा. पण मनातल्या मनात."

प्रार्थनेचे शब्द येत नव्हते, म्हणून मी पेशी मोजत राहिले.

*

घरी आल्यावर पहिला प्रश्न पडला की पालथं झोपायचं कसं. उशीत नाक दाबतं, मान एकीकडं वळवली तर फुगा सरकतो. पहिल्या दोन तासांतच माझी मान मोडून आली आणि मी रडायला लागले. रडायचं नव्हतं. डोळ्याला पट्टी होती.

आमच्या भिंतीला लागून सायरा आपा राहतात. त्यांच्या मिस्टरांचं, करीमभाईंचं, गाद्या-रजया भरायचं दुकान आहे. आपा दारातूनच ओरडल्या, "अगं बाई, ऐसं कसं झोपणार तू? रुको, मैं इनको बुलाती."

करीमभाई आले, मला बघितलं, विलासना म्हणाले, "आमच्या घरात एक जुनी नवारीची खाट पडलीय, ती आणू." दोघांनी खाट आणली. करीमभाईंनी डोक्याकडच्या नवारीच्या दोन पट्ट्या सोडवल्या, बाजूच्या पुन्हा ताणून बांधल्या, आणि चेहरा मावेल एवढी खिडकी केली. दुकानात जाऊन तासाभरात गोल उशी शिवून आणली, मधे भोक असलेली, मऊ कापसाची. कपाळ आणि गाल टेकवून झोपून बघितलं. नाक मोकळं. श्वास मोकळा.

"हौ, अब ठीक," आपा म्हणाल्या. "आता दहा दिवस काय, महिनाभर झोप."

ज्यांना असं पालथं राहावं लागेल त्यांनी पहिल्यांदा उशीचा बंदोबस्त करावा. धीर नंतर येतो.

*

मग सुरू झाले ते दिवस.

खिडकीतून दिसायची फरशी. तीसुद्धा डाव्या डोळ्यानं, म्हणजे अंदाजानं. करड्या फरशीवर पांढरे ठिपके, मधून एक भेग. सकाळी उन्हाचा पट्टा भेगेच्या डावीकडं असायचा, दुपारी तिच्यावर यायचा, चारनंतर विरून जायचा. मुकुंदवाडीच्या छोट्या स्टेशनात गाडी थांबली की खाट बारीक थरथरायची. आवाज यायच्या आधी ती थरथर कपाळाला कळायची.

माणसं पायांवरून ओळखायची. सायरा आपांच्या पायात चांदीची जाड जोडवी, विलासचा डावा अंगठा कंपनीत चेंबलेला. ताट खाली ठेवून, मान वाकवूनच जेवायचं. थेंब घालताना विलासचा हात तेवढा समोर यायचा, ग्रीस आत मुरलेली नखं. दहा वाजता थेंब, दोनला थेंब, सहाला थेंब. विलासनी सुट्टी टाकली होती. ते भाकरी थापायला शिकले, जमल्या नाहीत, मग आपा पाठवायला लागल्या. सगळं वेळच्या वेळी करायचे. पण बोलायचे नाहीत. दोन वेळच्या थेंबांमधे घरात भांड्यांचा आवाज तेवढा.

तिसऱ्या दिवशी मीच म्हणाले, "अहो, काहीतरी बोला."

पाय दाराशी थांबले. "काय बोलू? तू सांगतीस का मला काही? म्या काय परका होतो?" आणि पाय निघून गेले.

मी फरशीकडं बघत राहिले. अंधत्वाची भीती काय असते ते मोठमोठ्या शब्दांत सांगता येईल, पण माझी भीती अगदी बारीकसारीक होती. गॅस पेटलाय का नाही हे कळेल का? रस्ता ओलांडताना कुणाचा हात धरायचा? विलास म्हातारे झाल्यावर त्यांच्या गोळ्यांवरची नावं कोण वाचणार? आणि देवाशी बोलायला जावं तर तिथं काहीच नव्हतं. मायक्रोस्कोपचा दिवा बंद असताना नळीत बघावं तसं.

*

चौथ्या दिवशी मार्थामावशी आल्या. त्या विलासच्या मावशी, प्रार्थनेला नेमानं जाणाऱ्या, अडीनडीला धावून येणाऱ्या. बरोबर तिघीजणी होत्या. खाटेभोवती चार जोड्या पाय उभे राहिले.

गाणं झालं. प्रार्थना झाली, मोठ्यानं, लांबलचक. मला बरं वाटत होतं. कुणीतरी माझ्या वाटचं बोलत होतं. मग मावशी खाटेवर बसल्या, खाट कलली, माझी मान उशीतून सरकली.

"सुशीला, तू मंडळाची प्रार्थना घेणारी बाई. तुझ्यावर ही पाळी का आली, विचार केलास का?"

मी मान परत उशीत बसवायला धडपडत होते.

"कायतरी राहिलं असंल मनात. लपवलेलं. ते कबूल कर. आन् विश्वास धरला असतास तर डोळ्याला सुरी लावायची गरजच नव्हती. आता बी येळ गेली नाही."

लपवलेलं हा शब्द बरोबर जागी लागला. मी खरंच लपवलं होतं. पालथ्या पडलेल्या माणसाला मान उचलून समोरच्याकडं बघतासुद्धा येत नाही, बोलणार काय? माझ्या तोंडून नुसता आवाज फुटला.

विलासचे पाय आत आले.

"मावशी, चहा ठेवलाय. चहा घ्या आन् घरी जा."

"अरे, मी तिच्या भल्याचं..."

"व्हय, मला माहितीय. तुम्ही लई केलंय आमच्यासाठी. पण आज जा."

त्या गेल्या. चहा न घेता. विलास खाटेजवळ आले, माझी उशी सरळ केली, आणि त्यांचा तळहात माझ्या पाठीवर थोडा वेळ राहिला. संध्याकाळी बाहेरच्या खोलीतून त्यांचा फोनवरचा आवाज येत होता. कुणाशी बोलतात ते कळलं नाही.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला दारात काठीचा आवाज आला. मग फरशीवर दोन पाय आले. भेगाळलेल्या टाचा, बोटांमधे एसटीतली धूळ.

"काय दिसतंय गं पोरी, तुला तिथून?"

आवाज ऐकल्याबरोबर ओळखला. पिशोरचे पाळकबाबा! निवृत्त होऊनही किती वर्षं झाली त्यांना. माझा बाप्तिस्मा त्यांच्या हातचा. लग्न त्यांच्या हातचं. ऐंशीला टेकलेला माणूस सकाळची गाडी धरून, धक्के खात आला होता.

"फरशी, बाबा. आन् तुमचे पाय."

"बास? एवढंच?"

"एवढंच."

मग काठी भिंतीला टेकवल्याचा आवाज आला. "विलास, हात दे रं जरा." गुडघे कडकड वाजले. बाबा खाली बसले. "आगं आई गं," म्हणत आडवे झाले, उताणे. आणि हळूहळू सरकत, एक कोपर टेकवत, माझ्या खाटेखाली आले. आधी पांढरे केस दिसले, मग कपाळ, मग सगळा चेहरा, माझ्या बरोबर खाली, हातभर अंतरावर. तेवढ्या जवळचं माझ्या डाव्या डोळ्याला दिसतं.

पाच दिवसांनी मला माणसाचा चेहरा दिसला.

"हां," बाबा म्हणाले. "आता कसं, समोरासमोर."

ते वाट बघत पडून राहिले. फरशी गार होती, म्हणाले, बरं वाटतंय पाठीला.

मग मी सगळं सांगितलं. विजा, बारा दिवस, विलासचा अबोला, मावशी. "बाबा, त्या म्हणतात माझं कायतरी चुकलंय."

"चुकलं असंल की. माझं बी लई चुकलंय. त्याचा आन् डोळ्याच्या पडद्याचा काय संबंध, ते काय मला सापडलं नाय. साठ वर्षं पवित्र शास्त्र वाचतोय."

"मग माझ्याच वाट्याला का आलं?"

त्यांनी विचार केला. खरंच केला, डोळे बाजूला वळवून. "मला नाय माहीत, पोरी."

इतक्या लोकांनी इतकी उत्तरं दिली होती. हे ऐकून माझे खांदे आपोआप खाली आले.

"मला प्रार्थना येईना झालीय, बाबा. शब्दच येत नाहीत."

"मग राहू दी. म्या करतो. तू नुसती पडून ऱ्हा. तेवढं जमतंय ना?"

"तेवढंच तर करतेय."

त्यांनी डोळे मिटले, हात छातीवर जोडले. "प्रभू येशू, ही सुशी हितं पालथी पडलीय. मी उताणा पडलोय. आमच्या दोघांच्यानं बी उठवत नाय. तर तूच ये, हितं खाली, आमच्यापाशी..."

मी पुढच्या शब्दाची वाट बघत राहिले. पंखा फिरत होता. शेजारी कुकरची शिट्टी झाली. पुढचा शब्द काही येईना. मग बाबांचं तोंड जरासं उघडलं, आणि बारीक घोरणं ऐकू आलं.

विलासचे पाय दाराशी आले. "झाली का प्रार्थना?" ते हळूच म्हणाले.

"झोपले."

"कोण?"

"बाबा. आमेनच्या आधीच झोपले."

विलास उकिडवे बसले, वाकून खाटेखाली बघितलं, आणि तोंडावर हात दाबून हसायला लागले. त्यांचं हसणं ऐकून मी हसले. आवाज न करता हसायचं म्हणजे खाट हलायला लागली, गदगद. माझ्या डाव्या डोळ्यातून पाण्याचा थेंब सुटला आणि सरळ बाबांच्या गळपट्टीवर पडला. ते जागे झाले नाहीत.

मग आम्ही दोघं शांत झालो. विलास भिंतीला टेकून बसून राहिले. मी त्या झोपलेल्या म्हाताऱ्या चेहऱ्याकडं बघत होते. सुरकुत्या, एक उरलेला पुढचा दात, श्वासाबरोबर वरखाली होणारे पांढरे केस. त्या चेहऱ्यावर माझ्या डोळ्याची काळजी अजिबात नव्हती. माझ्यासाठी प्रभूला हाक मारून, काम त्याच्याकडं सोपवून माणूस निवांत झोपला होता. उन्हाचा पट्टा भेगेवर आला. स्टेशनात गाडी थांबल्याची थरथर कपाळाला लागली. आणि मला वाटलं, या खोलीत आम्ही तिघंच नाही. कुणी दिसलं नाही, आवाज आला नाही. घरात कुणी मोठं माणूस आलं की लहानपणी न बघताच कळायचं, तसं कळलं. तो खाली, फरशीपाशी आला होता. मला वर बघायची गरजच नव्हती.

मलाही झोप लागली. ऑपरेशननंतरची पहिली खरी झोप. जाग आली तेव्हा ऊन विरत आलं होतं, आणि बाबा खाली टक्क जागे, माझ्याकडं बघत होते.

"आमेन," ते म्हणाले. "चहा हाय का रं, विलास?"

*

बाबांना त्या संध्याकाळी गाडीत बसवून विलास परत आले. हातपाय धुतले. मग ज्या जागी बाबा पडले होते तिथं येऊन उताणे झाले. त्यांचा चेहरा समोर आला. दाढी वाढली होती, डोळे सुजले होते. एवढे दिवस हा माणूस माझ्याभोवती फिरत होता आणि त्याची ही दशा मला ठाऊक नव्हती.

"बाबांना तुम्ही बोलावलंत?"

"मला काय प्रार्थना जमत नाही. ज्याला जमती त्याला बोलावलं." मग म्हणाले, "सुशे, मला डोळ्याचा राग नव्हता. बारा दिवस तू माझ्या शेजारी झोपून घाबरत होतीस, आन् म्या घोरत होतो. त्याचा राग येत होता. माझाच."

"मी सांगायला पाहिजे होतं."

"व्हय. पाहिजे होतं."

तेवढ्यावर ते भांडण संपलं. हात वर करून त्यांनी माझ्या नाकाच्या शेंड्याला बोट लावलं.

*

उरलेले दिवस मला सलग आठवत नाहीत. अर्धवट झोपेत एकातून एक उमलत गेले. मी पिशोरच्या आमच्या छोट्या चर्चमध्ये असायची, पत्र्याचं छप्पर उन्हानं तडतडतंय, आई भिंतीला चुना देतेय आणि चुन्याचे थेंब माझ्या हातावर पडतायत, गार. मग त्या चुन्याच्या भिंतीवर जांभळ्या पेशी उगवायच्या, शेतात पीक यावं तशा, वाऱ्यानं डोलायच्या, आणि मला त्या मोजायच्या नसायच्या. नुसतं त्यांच्यामधून चालायचं. कुणीतरी बरोबर चालत असायचं. मी वळून बघायची नाही. बघितलं तर जाईल म्हणून नव्हे, बघायची गरजच वाटायची नाही.

जागेपणी भीती यायचीच. ती येऊन खाटेजवळ बसायची. फरक एवढाच होता की आता मी तिला हाकलायच्या मागं लागत नव्हते. "प्रभू, ही आलीय बघ," एवढं म्हणायची. बाबांकडून शिकलेली प्रार्थना, आमेन नसलेली.

दहाव्या दिवशी डॉक्टरनं मान वर करायला सांगितली. उजव्या डोळ्याला पाण्यात बुडून डोळे उघडल्यासारखं दिसत होतं, गढूळ आणि हलतं. पण आठवड्याभरात वरच्या बाजूला एक उजेडाची फट आली. फुगा लहान होत जातो तशी पाण्याची रेघ खाली उतरते, आणि रेघेवरचं जग दिसायला लागतं. मी नावेत बसून काठाकडं बघावं तसं माझं घर बघत होते. आधी छत, पंखा. मग खुंटीवरचा विलासचा शर्ट. मान हलवली की रेघ डुचमळायची. एका सकाळी सायरा आपा समोर बसल्या होत्या आणि रेघ त्यांच्या हनुवटीखाली उतरलेली होती.

"आपा, तुमचा चेहरा पूर्ण आला."

"कैसा दिखता?" त्या म्हणाल्या. "बूढा?"

"लई छान."

त्या तोंडाला पदर लावून रडल्या.

*

पडदा चिकटला. नजर आली, पण होती तशी आली नाही. सरळ रेषा मला आता वाकड्या दिसतात. दाराची चौकट मधेच फुगते, वहीच्या ओळी लाटांसारख्या जातात. मायक्रोस्कोपवर बसून बघितलं. पेशी ओळखू येत होत्या, पण खात्री देता येत नव्हती, आणि खात्री नसताना कुणाच्या रिपोर्टवर सही कशी करू? लॅबच्या डॉक्टरसाहेबांना मी स्वतःच सांगितलं. मग बेसिनपाशी नळ सोडून रडले. बावीस वर्षं होती ती.

शांती मिळाली म्हणजे रडू थांबतं असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. त्या दिवशी मला शांती नव्हती. दुसऱ्या दिवशी थोडी होती. ती येते, जाते, परत येते. मी तिला धरून ठेवायचा प्रयत्न सोडलाय. मार्थामावशी परत यायला लागल्यात. पहिल्यांदा आल्या तेव्हा काही न बोलता बसून लसूण सोलून गेल्या. मला ते पुरलं.

महिन्याभरानं डॉक्टरसाहेब म्हणाले, "सुशीलाबाई, रक्त घ्यायला बसाल का? शीर काही डोळ्यानं शोधायची नसते."

हे खरं आहे. शीर बोटाला कळते. दंडाला पट्टा बांधायचा, कोपराच्या खळग्यात बोटाचं टोक ठेवायचं आणि थांबायचं. काही क्षण काहीच नसतं, नुसती कातडी. मग बोटाखाली काहीतरी उसळून वर येतं. त्या थांबण्यात मी आता रोज प्रार्थना करते. शब्द नसतात. ज्याचा हात माझ्या हातात आहे त्याच्यासाठी असते, आणि तो माझ्यासमोर बसलेला असतो, चेहऱ्यासकट.

परवा कन्नडकडचे एक म्हातारे शेतकरी आले होते. हाताच्या शिरा दबलेल्या. दोन ठिकाणी टोचून घेऊन आले होते, कुणाला सापडली नव्हती. "नीट बघून घे बाई," म्हणाले. मी त्यांचा हात मांडीवर घेतला, बोट ठेवलं आणि थांबले. बराच वेळ थांबावं लागलं. बाहेरून कुणीतरी नंबर विचारत होतं. मग लागली.

म्हाताऱ्यांनी डोळे घट्ट मिटले होते. नळी भरली, सुई काढली, कापूस दाबला, तरी ते तसेच बसून.

"बाबा, उघडा डोळे."

"टोचलं का?"

"झालं."

"कधी?" म्हणाले, आणि हाताकडं बघून हसायला लागले.